सगळ्यांना पाच

रोफिकाचं बूड कधी एका जागी टिकलं नाही. वर्गात शिकवताना ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायची, परीक्षेला पोरांच्या डोक्यावर घारीसारख्या घिरट्या घालायची, आणि नमाजानंतर तसबीहची जपमाळ ओढतानासुद्धा तिच्या पायाचा अंगठा चटईवर टकटक करत असायचा. आणि बाई शिकवायची काय, तर मनःशांती. इस्लामी अध्यात्म आणि मनाचं आरोग्य, असं तिच्या विषयाचं लांबलचक नाव. पोरं पाठीमागे म्हणायची, बाईंचं शांतीचं दुकान आहे, पण घरी वापरायला एक पुडी शिल्लक ठेवत नाहीत. हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती मोकळेपणानं हसली, आणि ज्यानं ते काढलं होतं त्याला तोंडी परीक्षेत चाळीस मिनिटं उभं ठेवलं.

ती जावा बेटावरची, तेमांगुंगच्या डोंगरउतारावरच्या तंबाखूच्या गावातली. बाप दुसऱ्याचा तंबाखू चिरायचा, आई बाजारात टेंपे, सोयाबीनच्या वड्या, तळायची. रोफिका सात वर्षांची असताना थोरला भाऊ तारमुजी अंगणात स्वतःशीच बोलायला लागला. मग एका सकाळी त्यानं शेजाऱ्याच्या तंबाखू वाळवायच्या सगळ्या बांबूच्या तट्ट्या उचलून ओढ्यात फेकल्या. गावानं मग गाव करतं तेच केलं. फणसाच्या ओंडक्याला दोन भोकं पाडली, तारमुजीचे पाय त्यात घातले आणि वरून खिळा ठोकला. बकऱ्यांच्या गोठ्याशेजारी तो नऊ वर्षं बसून होता. त्यात दुष्ट कुणीच नव्हतं. आई रोज कोमट पाण्यानं त्याचे पाय पुसायची. आजोबा मगरिबनंतर, म्हणजे संध्याकाळच्या नमाजानंतर, त्याच्याजवळ बसून जिक्र, अल्लाच्या नावाचा जप, करायचे, मान या खांद्याकडून त्या खांद्याकडे, आणि तारमुजी त्यांच्यासोबत डोलायचा. तेवढा अर्धा तास तो शिव्या देत नसे. भाताचं ताट घेऊन उभी असलेली रोफिका हे बघायची.

पुढे सरकारी दवाखान्यात एक हट्टी नर्सबाई बदलून आली. तिनं गोळ्या चालू केल्या, दर आठवड्याला डोंगर चढून येऊन त्या गिळल्या की नाही ते तोंड उघडायला लावून बघितलं, आणि वर्षाच्या आत तो खिळा उपटला गेला. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या. जिक्रानं भाऊ शांत व्हायचा हे खरं, आणि गोळीनं त्याचे पाय सुटले हेही खरं.

पण मोठ्या विद्येच्या बाजारात दोन खऱ्या गोष्टी एका टोपलीत विकता येत नाहीत. मानसशास्त्रवाले तिला मंत्रवाली म्हणायचे आणि धर्मशास्त्रवाले मोजपट्टीवाली. तिनं दोघांशी भांडून, दोघांची पुस्तकं वाचून, जिक्राची मोजणी हाच आपला धंदा करून टाकला. किती दिवस जिक्र, किती शांती, पहिल्या दिवशी किती, चाळिसाव्या दिवशी किती. एकवीस वर्षं हेच. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी एकच पायरी उरली होती, गुरू बसारची, म्हणजे सर्वोच्च प्राध्यापकपदाची. त्याच्या वर विद्यापीठात फक्त छप्पर असतं. त्या पायरीला परदेशी नियतकालिकातला एक भारी लेख लागायचा, आणि तो लेख तिचा छापून झाला होता. फाईल गुरुवारी राजधानीत जायची होती.

सोमवारी ती लेखाची छापील प्रत आणि केळ्यांचा घड घेऊन बू न्याईंकडे निघाली. न विचारता, आशीर्वाद न घेता मोठं काम करायचं नाही ही तिकडची रीत, आणि लेख तर त्यांच्याच घरातल्या बायकांवर होता. बू म्हणजे तिकडे बाई, आणि बू न्याई मसलहा म्हणजे दिवंगत कियाईंची, धर्मगुरूंची, बायको. वरच्या खेड्यात त्यांचं पेसांत्रेन, कुराण शिकायला राहणाऱ्या मुलींचं वसतिगृह. मागच्या अंगणात मात्र वेगळ्या बायका राहायच्या, घरच्यांनी हात टेकलेल्या. कुणाला आवाज ऐकू यायचे, कुणी मूल गेल्यापासून बोलत नव्हती, दोघी-तिघींच्या घोट्याला अजून ओंडक्याचे वण होते. बू न्याई त्यांना दारातून परत पाठवत नसत. पहाटेची थंड पाण्याची अंघोळ, जिक्र, स्वयंपाकघरात काम, पुन्हा जिक्र. ज्यांच्या गोळ्या चालू असत त्यांच्या गोळ्या बू न्याई स्वतः डब्यात घालून द्यायच्या. बाकीच्यांनी समाजसेवेवर भाषणं ठोकावीत आणि या बाईनं भात शिजवावा, असा तो मामला होता.

फाटकाशी येऊन रोफिका थबकली. फाटकावर फ्लेक्स होता. त्यावर तिचाच आलेख, डावीकडून उजवीकडे डोंगरासारखा चढत गेलेला, आणि शेजारी तिचाच फोटो. खाली मोठ्या हिरव्या अक्षरात, विज्ञानानं सिद्ध, चाळीस दिवसांत मन शांत, गोळ्यांची गरज नाही.

पहिल्या क्षणी, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. फोटो चांगला आला होता. दुसऱ्या क्षणी तिनं शेवटची ओळ परत वाचली.

बू न्याई खाली गावात कुणाच्या तरी तेराव्यासारख्या विधीला गेल्या होत्या, सातव्या दिवसाच्या. तिला थांबायला सांगितलं. थांबणं हे तिला शिकवूनही न आलेलं काम, म्हणून ती स्वयंपाकघरात शिरली. तिथे सहा-सात बायका छोटे कांदे सोलत होत्या. रोफिकानं एक सुरी ओढली आणि बसली. शेजारी वारसियेम होती. हिला ती विसरणं शक्य नव्हतं. लेखासाठी भरून घेतलेल्या प्रश्नांचा सतरा नंबरचा अर्ज, एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम. आली तेव्हा वीस प्रश्नांना एक आणि दोन, चाळिसाव्या दिवशी वीसच्या वीस पाच. भर सभेत रोफिकानं हिचंच उदाहरण दिलं होतं, नाव न घेता.

वारसियेम कांदा सोलत नव्हती. कांद्याची सालं गेली, पापुद्रे गेले, आता ती बोटाच्या नखाशेजारचं कातडं सोलत होती. डोळ्यांखाली काळं. मध्येच मान वळवून मागे कुणी हाक मारल्यासारखं बघायची.

रोफिकानं हळूच विचारलं, झोप लागते का. वारसियेमनं तोंडभर हसून अल्हमदुलिल्लाह, देवाची कृपा, असं म्हटलं. समोरच्या म्हातारीला राहवलं नाही.

"कसली लागतेय. तीन आठवडे झाले, आमचीही मोडते. गोळ्या बंद केल्यात ना तिच्या, गुस हिल्मींनी."

गुस हिल्मी म्हणजे बू न्याईंचा मुलगा. रोफिकाच्या हातातली सुरी थांबली. पण तिच्या डोक्यात आधी गोळ्या आल्या नाहीत, आधी तो अर्ज आला, हे तिनं पुढे स्वतःच कबूल केलं. तिनं विचारलं, अगं, मग तू तेव्हा कागदावर पाच कसं लिहिलंस, तेव्हा तर लागत होती ना.

"तेव्हापण नव्हती लागत एवढी," वारसियेम म्हणाली, "गोळीनं थोडी लागायची."

"मग?"

वारसियेमनं तिच्याकडे असं बघितलं, की प्राध्यापकबाईला एवढंही कळू नये. "बू न्याईंनी हातात दिलेला कागद होता तो. ज्यांच्या घरचा भात खाते त्यांच्याच हातात परत देऊ, की बाई, मला तुमच्या घरी झोप नाही? आईनं असलं शिकवलं नाही मला."

म्हातारी म्हणाली, तिनंही सगळे पाच लिहिले होते. खरं तर तिला वाचता येत नाही, पण शेवटचं घर सगळ्यात चांगलं एवढं कळलं होतं. तिसरी म्हणाली, पाच नाही तर काय लिहायचं, पाहुणीच्या यशासाठी फातिहा पढून वर तिलाच दोन द्यायचे? सगळ्या हसल्या. वारसियेमही हसली आणि परत मागे बघितलं.

रोफिका सुरी ठेवून उठली. कारण ते सगळं तिनंच घडवलं होतं. पहिले अर्ज बायका आल्या त्या दिवशी फाटकावर भरले होते. घरचे सोबत होते, तक्रारी सांगायलाच आले होते, साहजिकच एक आणि दोन. चाळिसाव्या दिवशी मात्र या बायका बू न्याईंच्या झाल्या होत्या. यजमानिणीला ओलांडून तिच्या माणसांना परस्पर कागद वाटणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून रोफिकानंच गुडघ्यावर सरकत जाऊन विनंती केली होती, की वाटप आपल्या हातून व्हावं, बरकत येईल. बू न्याईंनी आधी सगळ्यांकडून रोफिकाच्या यशासाठी फातिहा पढवून घेतली. तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मग बायकांनी अर्ज भरले, एकामागून एक येऊन बू न्याईंच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि त्याच हातात अर्ज ठेवला. बासष्ट अर्ज. परदेशातला कुणी गोरा संशोधक असता तर त्याला माफ करता आलं असतं. ही त्याच मातीतली, त्याच रीतीत वाढलेली. हिला कळायला हवं होतं. कळलंही असेल कुठेतरी आत. पण आलेख इतका सुंदर चढला होता.

तिनं अंगणात गुस हिल्मीला गाठलं. तीस वर्षांचा, नम्र, खाली बघून बोलणारा मुलगा. ती भांडायच्या तयारीत आणि तो चहा मागवायच्या. गोळ्या कुणाला विचारून बंद केल्या, असं तिनं विचारलं. त्यानं आत जाऊन तिचाच लेख आणला. शेवटच्या पानावर पिवळी रेघ मारलेली होती.

"बू, हे तुमचंच वाक्य आहे. जिक्र हा औषधाला पर्याय ठरू शकतो."

आधी तिनं लिहिलं होतं, औषधाच्या जोडीला. परीक्षकानं कळवलं की निष्कर्ष मिळमिळीत आहे, नवं काय सांगता. तिनं एका दुपारी जोडीला खोडून पर्याय केलं. एका शब्दाचा बदल, पंधरा मिनिटांचं काम.

"किती जणींच्या बंद केल्यास?"

"नऊ. सात बऱ्या आहेत. त्यांना विचारा हवं तर."

"त्या काय सांगणार मला माहिती आहे," रोफिका फणकारली. "तो फ्लेक्स उतरव, हिल्मी. आणि गोळ्या चालू कर."

तो पहिल्यांदा वर बघून बोलला. "लोक लांबून तो वाचून येतायत, बू. मी उतरवला तर सांगू काय? तुम्ही आधी लिहा ना, की मी चुकले. तुम्ही लिहिलंत की मी उतरवतो."

पोरगा मऊ बोलला, पण मुद्द्याचं बोलला. रोफिकानं केळ्यांचा घड त्याच्या हातात कोंबला आणि बू न्याईंना न भेटताच बस पकडली.

मंगळवार तिनं चालत काढला. विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर, मशिदीभोवती, पुन्हा रस्त्यावर. नमाजाला उभी राहिली तर रकाती, नमाजाची आवर्तनं, किती झाल्या ते विसरली. तिची एक बाजू म्हणत होती, लेख राहू दे, हिल्मीला नीट समजावू, गोळ्या चालू करवू. पण लेख आता एकट्या हिल्मीकडे नव्हता. दुसऱ्या दोन पेसांत्रेननी तिच्याकडून आलेख मागून घेतला होता, आणि तिनं हौसेनं पाठवला होता. उद्या कुठल्या तरी खेड्यात कुणाचा तरी भाऊ तिच्या वाक्यामुळे परत गोठ्याशेजारी जाऊन बसणार नाही कशावरून?

बुधवारी ती डीन झुहदींच्या खोलीत गेली. झुहदी सर म्हणजे पोट सुटलेला, आवाज मधाळ, आणि फाईल हलवण्यात वस्ताद. तिच्या मागे ते आठ वर्षं उभे होते, त्यात लबाडी नव्हती. विभागाला एक गुरू बसार मिळाला की विभागच वाचणार होता. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शेंगदाणे तिच्याकडे सरकवले.

"रोफिका, मला सांग, आपल्या जावात कोण दोन लिहितो? माझी बायको मरायला टेकली होती तेव्हा डॉक्टरला म्हणाली, बरी आहे, तुम्ही जेवलात का. सगळ्यांचेच अर्ज असे असतात गं. माझेही होते."

"म्हणून नऊ बायकांच्या गोळ्या बंद झाल्या, सर."

"त्याचं बघू की. उद्या फाईल जाऊ दे. पद मिळालं की तू दुसरा लेख लिही, याच्या उलटा. गुरू बसारचं लोक ऐकतात, साध्या बाईचं कोण ऐकतंय."

हा मुद्दा बिनतोड होता, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला तो म्हणूनच. तिलाही मंगळवारी दुपारी मशिदीच्या तिसऱ्या फेरीत हेच सुचलं होतं. उठताना ती म्हणाली, खोट्यावर चढून खरं बोलायला सांगताय, आणि खालून कुणी विचारलं की वर कशी गेलीस, तर? झुहदी सर म्हणाले, कुणी विचारत नाही. ते बरोबरच म्हणाले. कुणी विचारत नाही.

पुढची फाईल कधी, तेही त्यांनी सांगून टाकलं. नियम बदलतायत. बहुतेक कधीच नाही.

आपल्या खोलीत येऊन तिनं नियतकालिकाला पत्र लिहिलं. उभ्यानंच. माझी माहिती गोळा करायची पद्धत चुकली, उत्तरं मनाची नव्हती, आदराची होती, लेख मागे घेते. शेवटचं वाक्य तिनं तीनदा खोडलं, कारण ते दर वेळी सारवासारव करत होतं. मग नुसतं नाव लिहिलं आणि पाठवलं. तोच मजकूर त्या दोन पेसांत्रेनना. आधी बू न्याईंकडे गेली असती तर त्यांची एक नजर पुरली असती आणि पत्र राहून गेलं असतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिनं रीत उलटी केली. आधी पाठवलं, आणि मग दुपारच्या बसनं डोंगर चढली.

बू न्याई ओसरीवर मुलींचं पाठांतर घेत होत्या. रोफिका गुडघ्यांवर सरकत जवळ गेली. त्यांनी मुलींना आत पाठवलं. हिल्मीनं बहुतेक अर्धंमुर्धं सांगितलेलं होतं. तिनं उरलेलं सांगितलं.

बू न्याईंनी चटईचा निघालेला धागा आत दाबला.

"आधी पाठवलंस आणि मग विचारायला आलीस."

"विचारायला नाही आले, बू न्याई. सांगायला आले."

"म्हणजे आमचा जिक्र खोटा."

"जिक्र खोटा नाही. त्यानं माझा भाऊ शांत झालेला मी बघितलाय. कागद खोटा होता. आणि तो मीच तुमच्या हातात ठेवला."

"मी तुझ्यासाठी फातिहा पढवली होती," बू न्याई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. "बासष्ट बायकांकडून. ज्यांना स्वतःचं नाव धड आठवत नाही त्यांनी तुझं नाव घेतलं. लोक आता काय म्हणतील? की मसलहानं बायकांना खोटं लिहायला शिकवलं."

"चूक माझी असं लिहिलंय."

"लोक पत्र वाचत नाहीत, पोरी. फाटक बघतात."

रोफिकानं मान खाली घातली. म्हातारीची अब्रू जाणार होती आणि ती हिच्यामुळे जाणार होती. विद्यापीठात झालेलं नुकसान हिचं एकटीचं होतं, हे नव्हतं.

मग बू न्याईंनी हिल्मीला हाक मारली. फ्लेक्स आज असरच्या नमाजाआधी उतरव म्हणाल्या. तो काहीतरी बोलायला गेला, त्यांनी नुसतं बघितलं. नऊ जणींच्या गोळ्यांचा डबा कुठे आहे विचारलं. डबा होता, पण गोळ्या संपल्या होत्या, नव्या आणल्याच नव्हत्या.

"सकाळी वारसियेमला दवाखान्यात ने," त्या रोफिकाला म्हणाल्या. "तिचं सगळ्यात बिघडलंय. बाकीच्यांना हिल्मी नेईल. आणि मग वर्षभर इकडे फिरकू नकोस."

निघताना रोफिका हाताचं चुंबन घ्यायला वाकली. बू न्याईंनी हात शालीतून बाहेर काढला नाही. ती तशीच वाकलेली राहिली थोडी, मग उठली.

गुरुवारी सकाळी, फाईल राजधानीकडे निघायच्या वेळेला, रोफिका खालच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. बसली होती म्हणजे काय, दर पाच मिनिटांनी उठून खिडकीवर नंबर विचारून येत होती. खिडकीवरचा माणूस म्हणाला, बाई, तुम्हाला पण काही गोळी हवी आहे का. झुहदी सरांचा फोन दोनदा वाजला. तिसऱ्यांदा निरोप आला, बाकीच्यांच्या फाईली पाठवतोय, तुझ्याशिवाय. तिनं वाचला आणि फोन पिशवीत उलटा टाकला. वारसियेम शेजारी बसून बोटाचं कातडं सोलत होती. रोफिकानं तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला, तो सुटायला बघत होता.

नंबर आला. आत एक तरुण नर्स होती, तोंडावर कंटाळा, हातात छापील कागद. तिनं वर न बघता विचारलं, झोप लागते का.

वारसियेमनं आधी रोफिकाकडे बघितलं. मग चेहऱ्यावर तेच हसू आलं, पाहुण्याला द्यायचं.

"अल्हमदुलिल्लाह. लागते."

नर्सनं खूण केली. पुढचा प्रश्न.

रोफिकाचं तोंड उघडलं होतं. हिचं सगळं तिला ठाऊक होतं, किती रात्री, किती आठवडे, एका दमात सांगून मोकळी झाली असती. पण वारसियेमची नजर अजून तिच्यावरच होती, बरोबर बोलले ना, असं विचारणारी. रोफिकानं तोंड मिटलं.

"सिस्टर, तो कागद जरा बाजूला ठेवा," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून विचारा. मी बाहेर थांबते."

"नातेवाईक आत थांबू शकतात."

"मी थांबले तर ही बरी आहे असंच सांगत राहील," रोफिका म्हणाली, आणि बाहेर येऊन तिनं दार लावून घेतलं.

दाराला कान लावता आला असता. ती चार पावलं पुढे गेली, चार मागे आली. आतून नर्सचा आवाज आला. बऱ्याच वेळानं वारसियेमचा आवाज सुरू झाला, बारीक, सलग, मध्ये न थांबता. शब्द कळत नव्हते. रोफिका कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली, म्हणजे कळूच नयेत.